शेणाच्या पाट्या आणि इक्बालभाईंचं गॅरेज

गेल्या वर्षी आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या दिवाळी अंकात आमच्या सोसायटीचे चेअरमन निकम साहेब यांचा लेख आला होता. सोसायटीच्या सांडपाणी प्लँटची कार्यक्षमता कशी वाढवली, असा विषय. लेखात शाल पांघरलेला माझा फोटो होता आणि खाली ‘प्लँटचे शिल्पकार जाधवकाका’ असं छापलं होतं. लेख वाचनीय होता. फक्त खरा नव्हता. त्यातल्या खोट्याची सुरुवात माझ्या तोंडून झाली होती, म्हणून दुरुस्तीही मलाच केली पाहिजे. संपादकांनी सांगितलं आहे की अनुभव लिहा, पण हलकंफुलकं लिहा. विषय मैलापाण्याचा आहे. प्रयत्न करतो.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण बहुतेकांचा या विषयाशी संबंध फ्लशचं बटण दाबलं की संपतो. त्यानंतर ते पाणी एका जाळीतून जातं. जाळीत केस, चिंध्या, प्लॅस्टिक अडकतं. पुढे एका मोठ्या टाकीत जातं, तिथे जंतू असतात. हे जंतू घाण खातात. खालून ब्लोअरने हवा सोडायची म्हणजे त्यांचा श्वास चालू राहतो. मी आयुष्यभर या जंतूंचा मुकादम होतो. डोळ्यांना न दिसणारे, रजा न मागणारे, युनियन नसलेले असे कामगार मला मिळाले, हे माझं भाग्य. जुन्या पद्धतीत पुढे गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचं पाणी काढायचं. नव्या पद्धतीत मेम्ब्रेन असतं. शेवयांसारख्या बारीक पोकळ नळ्यांचे जुडगे टाकीत बुडवलेले असतात. नळीला इतकी सूक्ष्म छिद्रं की पाणी आत येतं, जंतू बाहेर राहतात. पंप पाणी ओढतो. नळ्या स्वच्छ असल्या की अलगद ओढतो, चोंदल्या की जोर लावावा लागतो. किती जोर लागतोय ते एका काट्यावर दिसतं. काटा खाली तर मुकादम सुखी. काटा चढला की मुकादमाचा रक्तदाब चढतो.

चाकणच्या कंपनीत माझा प्लँट जुन्या पद्धतीचा होता. तिथे दिवाळीच्या सुट्टीत मोठी पंचाईत व्हायची. कंपनी बंद, कॅन्टीन बंद, संडास बंद. म्हणजे जंतूंची उपासमार. मग मी टाकीत गुळाचं पाणी घालायचो आणि सुट्टीनंतर प्लँट लवकर उठावा म्हणून पाटीभर शेणकाला. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मॅनेजरने गुळाची मागणी पाहून मला बोलावलं.

“जाधव, हा गूळ कोणासाठी?”

“जंतूंसाठी, सर.”

“कामगारांच्या चहात साखर कमी करा म्हणून मी काल नोटीस लावली. आणि तुम्ही जंतूंना गूळ देताय?”

“सर, कामगार सुट्टीत घरी जेवतात. यांना घर नाही.”

त्यांनी सही केली. पण पुढच्या मीटिंगमध्ये जंतूंना शिफ्टमध्ये बोलावता येईल का, असं विचारलं. मी हसलो नाही. नोकरी होती.

सांगायचा मुद्दा असा की गूळ आणि शेण ही माझी हुकमी औषधं होती. जुन्या प्लँटमध्ये ती चालायची, कारण तिथे गाळ तळाशी बसायचा आणि शेणातल्या काड्याही त्याच्याबरोबर बसायच्या. हे ‘कारण’ मी कधी लक्षात ठेवलं नाही. औषध तेवढं लक्षात ठेवलं.

निवृत्तीनंतर मुलाने चऱ्होलीत फ्लॅट घेतला. सोसायटी नवी, अर्धे फ्लॅट रिकामे, आणि खाली मेम्ब्रेनचा प्लँट. बिल्डरने चाव्या दिल्या आणि तो गेला. सांडपाणी कमी येत होतं, जंतू धरत नव्हते, टाकीवर फेस आणि सगळीकडे वास. माझ्याकडे चाकणचा अनुभव आहे हे कळल्यावर निकम साहेब घरी आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, टापटिपीचे, आणि कोणत्याही गोष्टीचा समारंभ करण्याची आवड असलेले. मी म्हणालो, “शेण घाला, साहेब. आठवड्यात प्लँट उठेल.”

“शेण?” ते खुर्चीतून पुढे सरकले. “देशी गाईचं?”

जंतूंना गाईची जात कळत नाही, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “देशी असेल तर उत्तमच.”

गावात बापूंचा गोठा आहे. जमीन गेली, पण दोन गाई त्यांनी ठेवल्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा ते वैरण टाकत होते.

“शेन पायजे? न्या की. सारवायला का?”

“नाही बापू. संडासाच्या पाण्याच्या टाकीत घालायला.”

बापूंनी हातातली वैरण खाली ठेवली. “आमी शेनानं जागा सुद्ध करतो. तुमी त्ये संडासात घालनार? न्हाई जमायचं.”

मग निकम साहेबांनी त्यांना समजावलं की टाकीत कोट्यवधी जीव आहेत, उपाशी आहेत, आणि हे अन्नदान आहे. बापूंनी मान हलवली. “आन्नदान म्हनता तर घ्या. पर माज्या गाईला सांगू नगा.”

आता हे शेण आणायचं कशातून? कोणीही आपल्या गाडीत शेण ठेवायला तयार होईना. सोसायटीच्या रस्त्याकडेच्या गाळ्यांत इक्बालभाईंचं दुचाकींचं गॅरेज होतं. माणूस इथलाच, वडिलांपासूनचा धंदा. मी संध्याकाळी त्यांच्या बाकड्यावर चहा प्यायला बसायचो. त्यांनी आपल्या तीनचाकी टेम्पोतून शेण आणून दिलं. पाट्या उतरवताना म्हणाले, “काका, टेम्पोत आजवर इंजिनं नेली, फ्रीज नेले, एकदा वरात नेली. हे पहिल्यांदाच.”

समारंभ झाला. नारळ फोडला, टाकीच्या झाकणाला हार घातला, भगिनी नऊवारीत आल्या होत्या आणि पदराने नाक धरून उभ्या होत्या. शेणकाला मी आधी नियमाप्रमाणे जाळीवर ओतला, पण जाळी लगेच तुंबली. लोक बघत होते. मी जाळी टाळून सरळ जंतूंच्या टाकीचं झाकण उघडलं आणि पाटी रिकामी केली. टाळ्या पडल्या. माझ्या कारकिर्दीत मैलापाण्याच्या टाकीपाशी पडलेल्या त्या पहिल्याच टाळ्या.

जंतू खरंच धरले. वास गेला, फेस गेला, पाणी काचेसारखं येऊ लागलं. इथेच थांबायला हवं होतं. एकदा विरजण लागलं की पातेल्यात रोज नवं विरजण कोणी घालत नाही. पण निकम साहेबांनी दर सोमवारी शेणाचा कार्यक्रम ठरवला. लोक त्याचं यजमानपद मागू लागले. सोसायटीच्या फळ्यावर सूचना यायच्या: ‘चि. अर्णवच्या वाढदिवसानिमित्त आजची पाटी कुलकर्णी परिवारातर्फे.’ एका जोडप्याने लग्नाच्या वाढदिवसाला दोन पाट्या दिल्या, तर दुसऱ्या विंगमधल्या जोडप्याने तीन. मी झाकण उघडायचो, लोक डोकावायचे, फोटो काढायचे. मला नमस्कारही करायचे. मी तो घ्यायचो.

मग काटा चढू लागला.

मी मला येत होतं ते सगळं केलं. पंपाने सतत ओढायचं बंद करून काही मिनिटं ओढ, मग थोडी उसंत, असं लावलं. नळ्यांखालची हवा वाढवली, म्हणजे बुडबुड्यांनी त्या हलत राहाव्यात आणि गाळ झटकला जावा. उलटं पाणी सोडलं. क्लोरीनच्या पाण्याने धुतलं. काटा दोन दिवस उतरायचा, सोमवार गेला की पुन्हा चढायचा. बागेला पाणी पुरेना, फ्लशला टँकर येऊ लागला. शेवटी चेन-कप्पी लावून नळ्यांचा जुडगा वर काढला. सगळी कमिटी जमली होती. जुडगा वर आला तो भिजलेल्या घोड्याच्या शेपटीसारखा. नळीनळीला काळपट तंतू गुंडाळलेले, दोऱ्यांसारखे.

निकम साहेबांनी काठीने एक पुंजका उचलला आणि म्हणाले, “कॉटन वेस्ट!” मेकॅनिक हात पुसतात तो दोऱ्यांचा बोळा. सगळ्यांच्या माना एकाच वेळी गॅरेजच्या दिशेला वळल्या.

मी एक तंतू बोटांत धरून चोळला. वरचा काळा गाळ निघाला आणि खाली पिवळट, चपटी, टोकाशी चिरलेली काडी होती. वैरणीची. शेणातून आलेली. जाळी टाळून, टाळ्यांच्या गजरात, मी स्वतः आत सोडलेली.

“जाधव, तुम्ही अनुभवी माणूस,” निकम साहेब म्हणाले. “हे कॉटन वेस्टच ना?”

काडी माझ्या बोटांत होती. मी म्हणालो, “तसं दिसतंय खरं.”

एवढंच मी बोललो. त्यानंतरचं सगळं या तीन शब्दांवर उभं राहिलं.

मीटिंग झाली. इक्बालभाईंना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साहेब, माझ्या गाळ्याला ड्रेनेजचं कनेक्शनच नाही. मी बादलीत हात धुतो.”

विषय तिथेच संपला असता तर बरं झालं असतं. पण कमिटीने काढलेला निष्कर्ष असा की मग हे गाळ्यांच्या सामाईक संडासात टाकत असणार. संडासावर पहारा बसला. आपल्याच संघाचे तीन सभासद तिथे पाळीपाळीने छत्री घेऊन बसत आणि आत जाणाऱ्याच्या हातांकडे बघत. एकदा त्यांनी एका गिऱ्हाइकाला खिसे दाखवायला लावले. त्याच्या खिशात रुमाल होता. तो रुमाल कमिटीपुढे आला. त्यावर चर्चा झाली. मी त्या चर्चेला हजर होतो आणि माझं मत विचारलं गेलं. रुमाल सुती आहे, एवढं मी सांगितलं.

महिन्याच्या अखेरीला इक्बालभाईंना गाळा सोडायला सांगितलं. ते काही न बोलता निघून गेले.

आता यातला सगळ्यात वेडा भाग. मला रात्री झोप येईना, म्हणून मी ठरवलं की निदान मेम्ब्रेन तरी वाचवावं. सोमवारचा कार्यक्रम चालू ठेवला, पण पाटी आत घातली नाही. झाकण उघडायचं, लोकांना डोकावू द्यायचं, लोक वासाने पांगले की पाटी उचलून मागच्या खताच्या खड्ड्यात न्यायची. जुडगे पुन्हा पुन्हा बाहेर काढून काड्या वेचल्या, धुतले. काटा उतरला आणि उतरलेलाच राहिला. टँकर बंद झाले. खड्ड्याजवळचे गुलाब असे फुलले की निकम साहेब पाहुण्यांना दाखवून सांगत, “हे आमच्या पाण्याचं तेज.”

आणि सगळ्यांना पुरावा मिळाला. गॅरेज गेलं, काटा उतरला. आणखी काय हवं? मी केलेल्या दुरुस्तीने इक्बालभाईंवरचा आरोप पक्का झाला. त्याबद्दल मला शाल मिळाली. फोटो त्याच वेळचा.

निकम साहेबांच्या लेखात नाव नव्हतं, पण ‘गाळ्यातील एका गॅरेजवाल्याच्या निष्काळजीपणामुळे’ असं होतं. आमच्या गाळ्यांत गॅरेज एकच होतं. अंक आल्यानंतर काही महिन्यांनी इक्बालभाईंचा फोन आला. मधल्या काळात ते मोशीला रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये काम करत होते.

“काका, इथल्या एका सोसायटीत गाळा मिळत होता. बोलणं झालं होतं. काल त्यांच्या सेक्रेटरीने तुमच्या अंकाच्या पानाचा फोटो पाठवला. म्हणाले, आमच्याकडेही मेम्ब्रेनचा प्लँट आहे, आम्ही विचार करून कळवतो.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. फोनवरच. समोर जायची छाती नव्हती. पलीकडे कुठलंतरी इंजिन चालू होतं, ते त्यांनी बंद केलं नाही. माझं झाल्यावर म्हणाले, “मी टाकलं नाही हे मला माहीतच आहे, काका. मला कशाला सांगता? छापून आलंय ना? मग छापूनच उत्तर द्या.”

पण अंकाच्या संपादक मंडळात निकम साहेब आहेत. त्यांना पटल्याशिवाय काही छापलं जाणार नव्हतं. म्हणून मी सोसायटीच्या वार्षिक सभेत उभा राहिलो आणि काडीपासून खड्ड्यापर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता लोक चिडतील. लोक चिडले नाहीत. त्यांनी विश्वासच ठेवला नाही.

“काकांना विश्रांतीची गरज आहे,” कोणीतरी म्हणालं.

“त्या गॅरेजवाल्याने गळ घातली असेल. काकांचा स्वभाव भिडस्त.”

“आणि दोन पाट्या आम्ही दिल्या होत्या,” ते वाढदिवसाचं जोडपं म्हणालं, “त्या खड्ड्यात गेल्या?”

यावर मात्र लोक चिडले. बराच वेळ कोणाच्या पाट्या टाकीत गेल्या आणि कोणाच्या खड्ड्यात, याचीच चौकशी चालली. अर्णवची टाकीत गेली होती, हे मी शपथेवर सांगितलं.

निकम साहेब उठले. “देशी गाईच्या शेणाने मेम्ब्रेन चोंदतं याला आधार काय? पुन्हा घालू. सगळ्यांसमोर. गॅरेज तर आता नाही. काटा चढला तर तुमचं म्हणणं अंकात छापू.”

“साहेब, मेम्ब्रेनची वाट लागेल.”

“म्हणजे तुमची खात्री नाही.”

आयुष्यभर जो काटा चढू नये म्हणून मी जिवाचं रान केलं, तो चढावा म्हणून माझ्या हाताने शेण घालायचं होतं. मी घातलं. दर सोमवारी, शेवटचा थेंब जाईपर्यंत, निकम साहेब नाकाला रुमाल लावून समोर उभे. पहिले काही आठवडे काटा जागचा हलेना. मी सकाळी उठून चहाच्या आधी प्लँटवर जायचो. बायको म्हणाली, “आजवर काटा चढला की जेवत नव्हता. आता चढत नाही म्हणून जेवत नाही. मी स्वयंपाक करायचा कधी ते एकदा सांगा.”

एके दिवशी काटा हलला. केसभर. मी तिथेच बादली उलटी करून तिच्यावर बसलो आणि त्या काट्याकडे बघत राहिलो. पुढच्या आठवड्यात आणखी चढला. मग टँकर आला. टँकर पाहून इतका आनंद झालेला माणूस पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरा नसेल.

जुडगा वर काढला. पुन्हा ती भिजलेली शेपटी. निकम साहेबांनी या वेळी काठी घेतली नाही. हातमोजा घालून स्वतः एक तंतू ओढला, चोळला, उजेडात धरला. मग म्हणाले, “बापू गाईला वैरण बारीक कापून का घालत नाहीत?”

सगळ्यांच्या माना गोठ्याच्या दिशेला वळू लागल्या. मी ओरडलोच. “साहेब, बापूंचं काही चुकलं नाही. गाईचंही नाही. शेण मी सुचवलं, जाळी मी टाळली, खोटं मी बोललो. आणि पहारा तुम्ही बसवलात.”

त्यांनी दुसरा हातमोजा मागितला आणि माझ्या शेजारी बसून काड्या वेचू लागले. आम्ही दोघांनी काही दिवस तेच केलं. सगळ्या नळ्या वाचल्या नाहीत. जेवढं पाणी आधी यायचं तेवढं आता येत नाही आणि यापुढेही येणार नाही. सोसायटीने हे लक्षात ठेवावं. गेल्या वर्षीच्या लेखातली वाढलेली कार्यक्षमता या वर्षी आम्ही खरं सिद्ध करण्यात घालवली.

हा लेख लिहून झाल्यावर संपादकांना देण्याआधी मी मोशीला गेलो, इक्बालभाईंना वाचून दाखवायला. स्कूटरचा ब्रेकही लागत नव्हता. पूर्वी ते मला बघितलं की हातातलं काम ठेवून उठायचे. या वेळी मान वर न करता म्हणाले, “बसा. तुमच्या आधीच्या गाड्या आहेत.” मी बसलो. माझी पाळी आल्यावर ब्रेक खोलता खोलता त्यांनी लेख ऐकला. शेणाच्या समारंभाचा भाग आला तेव्हा एकदा हसलेही. संपल्यावर नट आवळत म्हणाले, “एक जागा चुकली आहे.”

“कुठली?”

“मी काही न बोलता गेलो, असं लिहिलंय तुम्ही. मी गाळा सोडला त्या सकाळी तुमच्या घरी आलो होतो. बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं. काका बाहेर गेलेत, म्हणाल्या. तुमच्या चपला दारात होत्या. मी म्हटलं, काकांना फक्त एवढं विचारा, त्यांना स्वतःला काय वाटतं. काकू आत गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, बाहेरच आहेत.”

मला ते आठवत होतं. लिहिताना आठवत होतं. मी आतल्या खोलीत पलंगावर बसलो होतो, आणि बायकोला काय सांगायचं ते मीच सांगितलं होतं.

वरचं ‘काही न बोलता’चं वाक्य मी खोडलेलं नाही. ते कसं लिहिलं गेलं, हेही लोकांना कळू दे. पण ते चुकीचं आहे. इक्बालभाई बोलले होते. मोशीच्या त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना या अंकाची प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे, आणि त्यांना काही विचारायचं असेल तर मी घरी आहे.